नासासंधान, दुय्यम

नाकाच्या आकारात किंवा रचनेत बदल करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेस नासासंधान म्हणतात. अशा शस्त्रक्रियेचा परिणाम अपेक्षेप्रमाणे न झाल्यास, किंवा तिच्यामुळेच नाकात नवा दोष उत्पन्न झाल्यास, तो दूर करण्यासाठी पुन्हा करण्यात येणाऱ्या शस्त्रक्रियेला दुय्यम नासासंधान अशी संज्ञा आहे. सौंदर्यवर्धक नासासंधान करून घेतलेल्या व्यक्तींपैकी सर्वसाधारणपणे ५ ते १५ टक्के व्यक्तींवर पुढे केव्हातरी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, असे वैद्यकीय वाङ्‌मयात नमूद केलेले आढळते. प्राथमिक शस्त्रक्रियेपेक्षा ही शस्त्रक्रिया अवघड असते. त्वचेखालील स्तर व्रण ऊतकाने एकमेकांस चिकटलेले असतात, नैसर्गिक खुणा पुसल्या गेलेल्या असतात व आधारासाठी लागणारी उपास्थी (कूर्चा) बरीचशी खर्ची पडलेली असते. रुग्णाच्या मनाची स्थितीही पहिल्या वेळेसारखी राहिलेली नसते. पुन्हा शस्त्रक्रिया करावी की नाही, केव्हा करावी व कोणी करावी, हे प्रश्न घेऊन तो शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे येतो. या प्रश्नांना मिळालेली उत्तरे काळानुसार पालटत गेली आहेत आणि त्यांचा इतिहास हा नासासंधानाच्या इतिहासाचा सहसा न सांगितला जाणारा भाग होय.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात छिन्न नासिकेच्या संधानाची कृती दिली आहे. झाडाचे पान नाकाच्या मापाचे कापून त्याबरहुकूम गालाची त्वचा देठ राखून सोडवावी, खरवडून ताज्या केलेल्या नाकाच्या कडांवर ती बसवावी व श्वासोच्छ्‌वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात, हा त्यातील भाग सर्वपरिचित आहे. त्याच वर्णनाच्या अखेरीस आलेल्या सूचनेकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. सांधा जुळून आल्यावर नाक उणे भरले असेल तर ते वाढविण्याचा प्रयत्न करावा आणि मांस अधिक वाढले असेल तर ते समतल करावे, असे ग्रंथकार सांगतो. एका प्रयत्नात नाक मनाजोगे होईलच असे त्याने गृहीत धरलेले नाही. पुनःशस्त्रक्रियेचा हा बहुधा सर्वांत जुना लेखी निर्देश असावा.

भारतात ही विद्या ग्रंथांपेक्षा कारागिरांच्या हातांत टिकून राहिली. नाक कापणे ही शिक्षा व सूड यांची रूढ रीत असल्याने अशा कारागिरांना काम मिळत राहिले. ‘नाक कापले’ हा मराठीतील वाक्‌प्रचार मुळात अलंकारिक नव्हता. कांग्रा येथील कांघियारा घराणे या कामासाठी प्रसिद्ध होते. महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण पुण्याचे आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याचे काम करणारा कावसजी हा इसम १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला व त्यानंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका मनुष्याने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाचा पातळ साचा कपाळावर पसरून त्याची कड आखणे, तेवढी त्वचा सोडवून भुवयांमधील देठावर ती खाली वळविणे, कडा काताच्या लेपाने चिकटविणे आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ तोडणे, असा या कृतीचा क्रम होता. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर त्या वेळी हजर होते. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन या मासिकात हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. कावसजीचे नाव इतिहासात राहिले, शस्त्रक्रिया करणाऱ्याचे राहिले नाही.

नव्या नाकाविषयी कावसजीचे स्वतःचे मत काय होते, हे त्या वृत्तांतावरून फारसे कळत नाही. आजच्या वाचकाला ही उणीव जाणवते. तत्कालीनांना ती जाणवण्याचे कारण नव्हते. ज्याला नाकच नाही त्याच्या दृष्टीने कोणतेही नाक हा लाभ होता. चारचौघांत तोंड दाखविता येणे हीच यशाची कसोटी होती. निराशेचा प्रश्न पुढे उद्‌भवला तो ज्यांचे नाक शाबूत होते, परंतु आवडत नव्हते, अशा लोकांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्यावर.

यूरोपात पंधराव्या शतकात सिसिलीतील ब्रांका या घराण्याकडे ही विद्या होती. बोलोन्याच्या गास्पारो ताल्याकोत्सी (१५४५–९९) यांनी १५९७ मध्ये दंडाच्या त्वचेपासून नाक करण्याची रीत ग्रंथरूपाने मांडली. पुढे ही विद्या तेथे जवळजवळ लुप्त झाली. पुण्याचा वृत्तांत वाचून लंडनच्या जोसेफ कार्पू (१७६४–१८४६) यांनी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये एका सैन्याधिकाऱ्यावर कपाळाच्या त्वचेने नासासंधान केले. १८१६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. बर्लिनचे कार्ल फोन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून या शस्त्रक्रियेचे आजचे यूरोपीय नाव रूढ झाले.

या शस्त्रक्रियांचा एक दोष लवकरच लक्षात आला. कपाळाच्या त्वचेला आतून अस्तर नसल्यामुळे तिची आतली जखमी बाजू व्रणाने भरून येई, आखडे आणि काही महिन्यांत नाक चपटे व नाकपुड्या अरुंद होत. पहिल्या महिन्यातले नाक आणि वर्षानंतरचे नाक ही निराळी असतात, हा दुय्यम नासासंधानाचा मूळ धडा येथेच मिळाला. इंदूर येथील रेसिडेन्सीचे शस्त्रवैद्य डी. एफ. कीगन यांनी जुन्या नाकाची उरलेली त्वचा खाली उलटवून तिचे अस्तर देण्याची सुधारणा केली व १९०० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. जुनागढचे त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ पर्यंत शंभराहून अधिक नासासंधाने केली होती.

सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेचा उदय : निरोगी नाकाचा केवळ आकार बदलण्यासाठी शस्त्रक्रिया करणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत व्यवहार्य नव्हते. १८४६ मध्ये ईथराने आलेली बेशुद्धी, १८६७ मध्ये लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत व १८८४ मध्ये कोकेनाने साधलेले स्थानिक बधिरीकरण यांमुळे ते शक्य झाले. त्यापूर्वी डीफेनबाख यांनी मोठे नाक लहान करण्यासाठी त्वचेवर बाहेरून छेद घेतले होते, परंतु त्यांचे वण चेहऱ्यावर राहत. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील जॉन ऑर्लांडो रो (१८४८–१९१५) यांनी १८८७ मध्ये नाकपुडीच्या आतून छेद घेऊन बसक्या, वर वळलेल्या नाकाचा शेंडा सुधारण्याची कृती प्रसिद्ध केली. बाहेर वण न ठेवता केलेल्या शस्त्रक्रियेची ही सुरुवात मानतात.

या शाखेला शास्त्राचे रूप बर्लिनचे याक योझेफ (१८६५–१९३४) यांनी दिले. एका मुलाचे पुढे आलेले कान शस्त्रक्रियेने मागे घेतल्यावरून त्यांना १८९६ मध्ये रुग्णालयातील जागा गमवावी लागली होती. रोगाशी संबंध नसलेली शस्त्रक्रिया करणे त्या वेळी वैद्यकाला शोभणारे समजले जात नसे. १८९८ मध्ये त्यांनी मोठ्या नाकामुळे लोकांत मिसळणे टाळणाऱ्या एका तरुणाचे नाक लहान केले व त्याची हकिकत बर्लिनच्या वैद्यक संस्थेपुढे मांडली. त्यांचे प्रतिपादन असे होते, की त्या माणसाचा विषाद खरा होता, शस्त्रक्रियेनंतर तो नाहीसा झाला, म्हणून ती शस्त्रक्रिया वैद्यकीयच होती. आजही सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेचे समर्थन बहुतांशी याच युक्तिवादावर उभे आहे. योझेफ यांच्याकडे येणाऱ्यांत अनेक ज्यू होते. ज्यूद्वेषाने भरलेल्या समाजात आपल्याकडे कोणी बोट दाखवू नये, एवढीच त्यांतील कित्येकांची इच्छा असे. योझेफ स्वतः ज्यू होते. त्यांचा बृहद्‌ग्रंथ १९२८ ते १९३१ या काळात प्रसिद्ध झाला व त्यांतील करवती, छिन्न्या व मापने जगभर गेली.

तथापि योझेफ यांच्या युक्तिवादात एक अडचण दडलेली आहे. मनाचे समाधान हे जर शस्त्रक्रियेचे साध्य असेल, तर आकार बिनचूक होऊनही रुग्ण असमाधानी राहिल्यास ती शस्त्रक्रिया फसली असे म्हणावे लागते. उलट, तज्ज्ञाला दोष दिसत असूनही रुग्ण संतुष्ट असेल तर ती यशस्वी ठरते. कोणाच्या डोळ्यांनी मोजावे, हा प्रश्न तेव्हापासून या शाखेच्या पाठीशी लागला.

मेण आणि त्याचे परिणाम : शस्त्रक्रियेवाचून नाक सुधारण्याचा मोह जुनाच आहे. व्हिएन्नाचे रोबेर्ट गेर्सुनी यांनी १८९९ मध्ये वितळलेले पॅराफीन मेण त्वचेखाली टोचण्याची पद्धत काढली. खचलेल्या नाकाचा दांडा काही मिनिटांत वर येई, वण राहत नसे, खर्चही थोडा. पुढील दशकात ही पद्धत झपाट्याने पसरली. त्यानंतर तिचे परिणाम दिसू लागले. मेण उष्णतेने मऊ होऊन सरके, ऊतकांत मुरून गाठी बनवी, त्वचा लाल व कठीण करी आणि रक्तवाहिनीत शिरल्यास अंधत्व आणी. ग्लॅडिस डीकन (१८८१–१९७७) या आपल्या रूपाबद्दल ख्यातनाम असलेल्या अमेरिकन स्त्रीने ग्रीक पुतळ्यासारखी सरळ नासारेषा मिळावी म्हणून विशीत असताना, १९०३ च्या सुमारास, असे मेण टोचून घेतले. पुढे ती मार्लबरोची डचेस झाली, परंतु मेण नाकावरून खाली उतरत गेले व चेहरा विद्रूप झाला. अशा रुग्णांना देता येण्याजोगे उत्तर त्या काळी कोणापाशीच नव्हते, कारण ऊतकांत विखुरलेले मेण काढायचे तर ऊतकेही कापून काढावी लागत. पुढील काळातील सिलिकोनाच्या रोपांनी निराळ्या प्रकारचा त्रास दिला. ती काढता येतात. मात्र कधीकधी अनेक वर्षांनीही त्यांना जंतुसंसर्ग होतो किंवा ती त्वचा भेदून बाहेर डोकावतात. पूर्व आशियात, जेथे नाक लहान करण्याऐवजी उंच करण्याकडे कल आहे, तेथील दुय्यम नासासंधानाचा मोठा भाग अशा रोपांमुळे उद्‌भवलेला आहे. अलीकडे हायलुरॉनिक अम्लाची अंतःक्षेपणे प्रचारात आली आहेत. ती विरघळविता येतात, हा त्यांचा गुण. पण शस्त्रक्रिया झालेल्या नाकातील रक्तवाहिन्यांची मांडणी बदललेली असल्याने तेथे त्वचा मृत होण्याचा व दृष्टी जाण्याचा धोका अधिक असतो. ‘फक्त टोचायचे आहे’ हे आश्वासन शंभर वर्षांपूर्वीही ऐकू येत असे.

ऱ्हस्वीकरणाचा काळ : १९२० नंतर व विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सौंदर्यवर्धक नासासंधान मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. १९२३ मध्ये फॅनी ब्राइस या विख्यात विनोदी अभिनेत्रीने आपले नाक बदलून घेतले, त्याची वृत्तपत्रांत चर्चा झाली. या काळातील तंत्र मुख्यतः कमी करण्याचे होते : दांड्यावरील उंचवटा करवतीने काढणे, बाजूची हाडे मोडून आत ढकलणे आणि शेंड्याची उपास्थी छाटणे. सर्व काम नाकपुडीच्या आतून, बरेचसे बोटांच्या अंदाजाने चाले. टेबलावरून उठताना नाक सुबक दिसे व छायाचित्रही चांगले येई.

नंतर काय होते, ते समजण्यासाठी नाकाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. वरच्या तिसऱ्या हिश्शात हाड व खालच्या दोन हिश्शांत उपास्थी असून मध्यभागी नासापटल हा खांब आणि त्याला दोन्हीकडून टेकलेल्या वरच्या बाजूच्या उपास्थी हे छप्पर, अशी ती रचना असते. उंचवटा काढताना हे छप्पर उघडे पडते. त्याला पुन्हा आधार दिला नाही तर बाजूच्या उपास्थी हळूहळू आत कोसळतात. समोरून पाहता हाडांच्या कडा उलट्या व्ही अक्षरासारख्या उठून दिसतात आणि आतील मार्ग अरुंद झाल्याने श्वास कोंडतो. शेंड्याची उपास्थी अती छाटल्यास शेंडा चिमटल्यासारखा होतो व नाकपुडीची कड वर ओढली जाते. त्वचा जाड असल्यास ती खालच्या लहान केलेल्या सांगाड्यावर आवळत नाही. मधल्या पोकळीत व्रण भरतो आणि शेंड्याच्या वर पोपटाच्या चोचीसारखा फुगवटा येतो. तो पाहून अननुभवी शस्त्रवैद्य आणखी उपास्थी काढतो, त्यामुळे आधार आणखी घटतो आणि फुगवटा वाढतो. हे सर्व घडण्यास महिने, कधी वर्षे लागतात. त्या मुदतीत रुग्ण बहुधा दुसऱ्या गावी वा दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो व ज्याने शस्त्रक्रिया केली त्याला आपली चूक दिसतच नाही. या शाखेतील ज्ञान इतकी वर्षे अडून राहण्याचे हे एक मोठे कारण म्हटले पाहिजे.

हा अडसर दूर करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात लॉस अँजेल्सचे जॅक शीन यांना दिले जाते. इतरांनी केलेल्या शस्त्रक्रियांमुळे बिघडलेली नाके त्यांच्याकडे येऊ लागली. ती दुरुस्त करताना त्यांच्या ध्यानात आले, की कितीतरी रुग्णांच्या नाकात काही जास्त उरले नसून कमी पडले आहे. म्हणून त्यांनी कापण्याऐवजी भर घालण्याचा मार्ग पत्करला. नासापटल, कान वा बरगडी येथील उपास्थीची कलमे ते दांड्यावर व शेंड्यावर बसवीत. त्यांचा सौंदर्यवर्धक नासासंधानावरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८४ मध्ये त्यांनी नासापटल व बाजूच्या उपास्थी यांमध्ये पट्टीसारखे कलम सरकवून कोसळलेले छप्पर पुन्हा रुंद करण्याची कृती मांडली. मुळात दुरुस्तीसाठी काढलेले हे कलम पुढे पहिल्याच शस्त्रक्रियेत प्रतिबंधक म्हणून वापरले जाऊ लागले. बिघडलेल्या नाकांनी चांगल्या नाकांच्या शस्त्रक्रियेला शिकविले, असे येथे झाले.

याच सुमारास दोन नाकपुड्यांमधील स्तंभावर लहानसा आडवा छेद घेऊन त्वचा वर उचलण्याची व सांगाडा प्रत्यक्ष पाहून काम करण्याची खुली पद्धत प्रचारात आली. हंगेरीचे आउरेल रेती यांनी १९२१ मध्ये असा छेद सुचविला होता, पण तो मागे पडला. १९७० मध्ये युगोस्लाव्हियाचे इवो पाडोव्हान यांनी आणि १९७३ मध्ये कॅनडाचे विल्फ्रेड गुडमन यांनी त्याचा पुरस्कार केल्यावर त्याला मान्यता मिळाली. दुय्यम शस्त्रक्रियेत तिचा उपयोग विशेष आहे. बारीक तुकडे केलेली उपास्थी आवरणात गुंडाळून दांड्यावर ठेवण्याची रीत २००० नंतर रूढ झाली. बरगडीचे अखंड कलम कालांतराने वाकते, तो दोष तीत टळतो.

भारतात या विचाराला वेगळ्या मार्गाने पुष्टी मिळाली. कुष्ठरोगात नाकाचे आतील अस्तर नष्ट होऊन नाक बसते, पण बाहेरची त्वचा बहुधा शाबूत असते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नोशिर अंतिया (१९२२–२००७) यांनी पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णांवर काम करताना, हॅरल्ड गिलीझ यांच्या पद्धतीला अनुसरून, आतून नवे अस्तर देऊन अशी नाके उभी केली. कोणता स्तर कमी आहे ते आधी ठरवावे व तोच भरून काढावा, हे त्यातील सूत्र कोणत्याही दुय्यम नासासंधानाला लागू पडते.

वचन आणि कायदा : शस्त्रवैद्याने काय कबूल केले होते, हा प्रश्न १९७३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. वादी व्यवसायाने रंगमंचावरील कलावंत होती. तिचे नाक सरळ पण लांब व ठळक होते. ते दोन शस्त्रक्रियांत लहान व अधिक सुंदर करून देण्याचे डॉक्टरने कबूल केले, असे तिचे म्हणणे होते. दोन शस्त्रक्रियांनी इच्छित परिणाम झाला नाही, म्हणून तिसरी केली. तिच्यानंतर नाकाचा दांडा मध्यापर्यंत खोलगट, त्याखाली गोळ्यासारखा, समोरून चपटा व रुंद आणि शेंडा दोन्ही बाजूंनी विषम असा झाला. आणखी शस्त्रक्रियेने तो सुधारण्याजोगा नव्हता. ज्यूरीने डॉक्टरचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही असे ठरविले, मात्र करारभंग झाल्याचे मान्य करून १३,५०० डॉलर भरपाई दिली. केवळ झालेला खर्च परत द्यावा, हे डॉक्टरचे म्हणणे न्यायालयाने फेटाळले. नाक पूर्वीपेक्षा बिघडले त्याबद्दल आणि तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेदना व मनस्ताप यांबद्दलही भरपाई योग्य ठरविण्यात आली. पहिल्या दोन शस्त्रक्रिया वादीने स्वतः पत्करल्या होत्या. तिसरी तिच्या हिशेबात नव्हती. वैद्याने धीर देण्यासाठी काढलेले उद्‌गार रुग्णाच्या मनात वचनाचे रूप घेतात, म्हणून अशा वचनाचा पुरावा स्पष्ट असला पाहिजे, असाही इशारा न्यायालयाने दिला. आता संगणकाच्या पडद्यावर भावी नाकाचे चित्र दाखविण्याची प्रथा सर्वत्र आहे. ते चित्र धीर मानावयाचे की वचन, हा प्रश्न त्या निवाड्याच्या वेळेपेक्षा आज अधिक बोचक झाला आहे.

असमाधानाचे दुसरे रूप : इटलीचे मनोविकारतज्ज्ञ एन्रीको मोर्सेली (१८५२–१९२९) यांनी १८९१ मध्ये, म्हणजे रो यांच्या लेखानंतर अवघ्या चार वर्षांनी, एका विकाराचे वर्णन केले. त्यात माणसाला स्वतःचा एखादा अवयव विद्रूप असल्याचे सतत वाटत राहते व इतरांना ते दिसत नाही. फ्रॉइड यांचे प्रसिद्ध रशियन रुग्ण सेर्गेई पांकेयेफ यांच्या नाकावरील ग्रंथीवर एका त्वचारोगतज्ज्ञाने विजेने उपचार केले होते. त्यामुळे नाकाला कायमचे भोक पडले, अशी त्यांची समजूत झाली. १९२६ मध्ये ते रूथ मॅक ब्रन्स्विक यांच्याकडे उपचारांसाठी आले, त्या काळात ते खिशातील आरशात क्षणोक्षणी नाक न्याहाळीत आणि डॉक्टरांमागून डॉक्टर बदलीत. १९८७ पासून अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र स्थान आहे. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेने क्वचितच बरे वाटते. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ते तिसरी मागतात. उपचार मानसोपचार व औषधे यांचाच असतो. मात्र या ज्ञानाचा दुरुपयोगही झाला आहे. नाक खरोखरच बिघडलेल्या व श्वास घेता न येणाऱ्या रुग्णाला ‘तुमचे मनच स्थिर नाही’ असे सांगून वाटेस लावणे सोपे असते, आणि ज्याने ते नाक बिघडविले त्याला ते अधिकच सोपे वाटते. नाकाची प्रत्यक्ष तपासणी न करता मनाविषयी निदान करणे योग्य नव्हे.

सल्ला : सूज ओसरून त्वचा व व्रण स्थिरावण्यास किमान एक वर्ष लागते, जाड त्वचेत दीड ते दोन वर्षेही लागतात. म्हणून बहुतेक तज्ज्ञ तोपर्यंत दुसरी शस्त्रक्रिया करीत नाहीत. जंतुसंसर्ग, साकळलेले रक्त, बाहेर येऊ पाहणारे रोप यांबाबत मात्र थांबणे चुकीचे होय. हे वर्ष रुग्णाला कठीण जाते. सकाळी सुजलेले व संध्याकाळी उतरलेले नाक तो रोज पाहतो आणि दर आठवड्याला त्याचे मत बदलते.

सल्ल्यासाठी येताना शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे व पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे जवळ असणे महत्त्वाचे असते, कारण नासापटलाची उपास्थी आधीच वापरली गेली आहे काय, यावर कान वा बरगडीकडे जावे लागणार की नाही हे अवलंबून असते. प्रथम शस्त्रक्रिया करणाऱ्याकडेच परत जाण्यात पुष्कळदा फायदा असतो. आत काय केले ते त्याला ठाऊक असते. तो प्रश्न टाळत असेल किंवा दोषच नाही असे म्हणत असेल, तर दुसऱ्याचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. पहिल्याने काय चूक केली, याबद्दल दुसऱ्या डॉक्टरने टिपणे न वाचता बोलू नये, असा संकेत आहे. मात्र ‘काही सांगता येत नाही’ या सबबीखाली रुग्णापासून सत्य लपविणे हा त्याचा अर्थ नव्हे. रुग्णाने विचारावयाचा मुख्य प्रश्न दुसऱ्या शस्त्रक्रियेने काय सुधारेल इतकाच नसून काय सुधारणार नाही आणि काय आणखी बिघडू शकेल, हाही असतो. श्वासाचा अडथळा व कोसळलेला आधार यांवर बरेच काही करता येते; पातळ पडलेली त्वचा व तिच्यातील व्रण यांवर थोडेच. केसाएवढ्या विषमतेसाठी पुन्हा सुरी लावण्यास अनुभवी तज्ज्ञ बहुधा नकार देतात. हा नकार रुग्णाला अपमानासारखा वाटतो व तो दुसऱ्या, अधिक होकार देणाऱ्या डॉक्टरच्या शोधात निघतो.

भारतात १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली वैद्यकीय सेवा येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्या अधिनियमाची जागा आता २०१९ च्या अधिनियमाने घेतली आहे. २००८ मध्ये त्याच न्यायालयाने असे ठरविले, की रुग्णाची संमती पुरेशा माहितीवर आधारलेली असावी आणि एका शस्त्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही. त्यामुळे दुय्यम नासासंधानापूर्वी नवे संमतिपत्र, नवी छायाचित्रे आणि बरगडीतून उपास्थी घ्यावी लागल्यास छातीवर राहणाऱ्या वणाचीही नोंद करणे आवश्यक असते.